चेहऱ्याच्या लकव्यानंतर पुढे काय उरेल, हे कसे ओळखावे

सकाळी चूळ भरताना पाणी एका बाजूने गळते, आरशात पाहिले तर एक डोळा मिटत नाही, आणि घरातले कोणीतरी म्हणते, "तोंडावरनं वारं गेलं." मराठवाड्यात चेहऱ्याच्या लकव्याची हकिगत बहुतेक वेळा अशीच सुरू होते आणि त्याच दिवशी पहिला प्रश्न विचारला जातो, की तोंड पुन्हा सरळ होईल का. पहिल्या दिवशी या प्रश्नाचे खात्रीचे उत्तर देता येत नाही. तिसऱ्या आठवड्याच्या अखेरीस मात्र ते बऱ्यापैकी देता येते आणि तिसऱ्या महिन्यात त्यात फारशी शंका उरत नाही. अट एवढीच, की मधल्या दिवसांत चेहऱ्याने काय केले याची तारखेसह नोंद असावी. ही नोंद कशी ठेवावी, ती कशी वाचावी आणि तिच्यावरून कोणता धोका ओळखावा, हे रुग्णाच्या घरच्यांसाठी, आशाताईंसाठी आणि नव्या फिजिओथेरपिस्ट मंडळींसाठी येथे लिहिले आहे.

आधी हा लकवा कोणता, ते ठरवावे

रुग्णाला दोन्ही भुवया वर उचलायला सांगावे. वाकड्या बाजूच्या कपाळावर आठ्या पडत नसतील, तर बिघाड चेहऱ्याच्या नसेत असण्याची शक्यता अधिक असते. आठ्या दोन्हीकडे सारख्या पडत असतील आणि फक्त तोंड ओढले गेले असेल, किंवा सोबत हात-पाय लुळा पडला असेल, बोलणे अडखळत असेल, तर तो मेंदूचा झटका समजून त्याच तासाला मोठे रुग्णालय गाठावे. पुढे लिहिलेले काहीही त्या रुग्णासाठी नाही.

नसेच्या लकव्यातही सर्वांचे भवितव्य सारखे नसते. कोणतेही कारण सापडत नाही आणि दोन-तीन दिवसांत पूर्ण जोर धरतो, तो बेल्स पाल्सी हा सर्वांत जास्त आढळणारा आणि सर्वांत बरा होणारा प्रकार होय. कानात किंवा कानाच्या पाळीवर पाण्याने भरलेले बारीक फोड, तीव्र ठणका, चक्कर किंवा ऐकू कमी येणे असेल, तर तो नागिणीच्या विषाणूचा रॅम्झे हंट प्रकार असतो आणि त्यात पूर्ण सुधारणेचे प्रमाण बेल्स पाल्सीपेक्षा बरेच कमी असते. वर्षानुवर्षे वाहणारा, दुर्गंधी येणारा कान असेल, तर आतल्या हाडाला सड लागलेली असू शकते आणि कानाचे ऑपरेशन केल्याशिवाय पुढचा अंदाज करण्यात अर्थ नसतो. चेहरा काही आठवड्यांत हळूहळू उतरत गेला असेल, कानापुढे गाठ लागत असेल किंवा एकाच बाजूला पुन्हा पुन्हा लकवा होत असेल, तर गाठीची शंका घेऊन स्कॅन करून घ्यावा.

मोटारसायकलवरून पडल्यानंतर झालेल्या लकव्यात एक प्रश्न घरच्यांना आवर्जून विचारावा : अपघात झाल्या क्षणी चेहरा वाकडा होता, की दोन-तीन दिवसांनी झाला? उशिरा आलेला लकवा बहुधा सुजेमुळे असतो आणि चांगला सुधारतो. त्याच क्षणी आलेल्या संपूर्ण लकव्यात नस तुटलेली किंवा हाडात चेपलेली असू शकते. हे पाहिलेला माणूस बहुधा पहिल्या दिवशी भेटतो, नंतर नाही, म्हणून त्याचे उत्तर तेव्हाच लिहून घ्यावे. आणि गालावर बधिर, लालसर चट्टा असेल, तर कुष्ठरोगाचा विचार केलाच पाहिजे, कारण त्यात डोळा मिटवणाऱ्या नसेची शाखा निकामी होते, आणि सहा महिन्यांच्या आत उपचार सुरू झाला तर ती परत येण्याची आशा असते.

उशीर म्हणजे काय, ते समजून घ्यावे

सगळ्या अंदाजाचे मूळ एका साध्या गोष्टीत आहे. चेहऱ्याची नस कानाच्या हाडातल्या बोगद्यातून येते आणि तो बोगदा सर्वांत अरुंद जागी एक मिलिमीटरपेक्षाही कमी रुंद असतो. नस सुजली की तिथेच आवळली जाते. आवळ थोडा असेल, तर तंतू शाबूत राहतात, फक्त त्यांच्यातून जाणारा संदेश थांबतो. सूज उतरली की दोन-तीन आठवड्यांत हालचाल परत येते आणि मागे काही राहत नाही. आवळ जास्त असेल, तर तंतू मरतात आणि त्यांना आवळलेल्या जागेपासून पुन्हा वाढत यावे लागते. ही वाढ दिवसाला साधारण एक मिलिमीटर असते. कानाच्या आतून ओठाच्या कोपऱ्यापर्यंतचे अंतर दहा सेंटिमीटरच्या आसपास धरले, तर तीन-चार महिने का लागतात, ते आपोआप कळते.

अडचण अशी, की हे नवे तंतू आपापल्या जुन्या वाटेने जातीलच असे नाही. उसाला पाणी देताना वरंबा फुटला की पाणी ज्या सरीत जायला हवे तिच्याऐवजी शेजारच्या सरीत शिरते, तसेच येथे होते : ओठाकडे निघालेला तंतू पापणीत जातो आणि पापणीचा तंतू हनुवटीत. म्हणून जी हालचाल लवकर आली, ती बहुधा सरळ वाटेने आलेली असते. जी तीन-चार महिन्यांनी आली, ती काही ना काही गोंधळ घेऊन आलेली असते. लकवा सुरुवातीला किती भयंकर दिसत होता, यापेक्षा पहिली हालचाल कोणत्या दिवशी दिसली, हे मला अधिक मोलाचे वाटते, आणि नेमकी तीच तारीख बहुतेक घरांत कोणी लिहून ठेवलेली नसते.

नोंद कशी ठेवावी

पहिली तारीख लकवा सुरू झाल्याची. आपल्याकडे ती "येळवशीच्या दुसऱ्या दिवशी" किंवा "पोळ्याच्या आदल्या रात्री" अशी सांगितली जाते. ती कॅलेंडर समोर ठेवून त्याच वेळी तारखेत उतरवून घ्यावी, कारण पुढचे सगळे दिवस तिथूनच मोजायचे असतात. त्यानंतर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या आणि एकविसाव्या दिवशी, व पुढे वर्षभर दर महिन्याला मोबाईलवर एक-दीड मिनिटाचा व्हिडिओ काढावा.

रुग्णाला दाराकडे तोंड करून बसवावे, म्हणजे उजेड दोन्ही गालांवर सारखा पडतो. फोन दुसऱ्याने, डोळ्यांच्या उंचीवर धरावा. सेल्फी कॅमेरा वापरू नये. काही फोनमध्ये त्यात डावे-उजवे उलटते, आणि एकदा दुसऱ्याच गालाला दोष दिला गेला की नोंदवहीवरचा विश्वास उडतो. प्रथम काहीही न करता चेहरा दहा सेकंद तसाच ठेवावा. मग भुवया वर, डोळे हलके मिटणे, डोळे घट्ट मिटणे, तोंड मिटून हसणे, दात दाखवणे, शीळ घालताना करतात तसे ओठ करणे, या हालचाली प्रत्येकी तीन वेळा सावकाश कराव्यात. शेवटी रुग्णाला दोन घास खाऊ घालावेत आणि तेही टिपावे. याचे कारण पुढे येईल.

डोळे हलके मिटल्यावर पापण्यांमध्ये किती फट राहते, ती शाळेच्या पट्टीने, पट्टी डोळ्याला न लावता, मिलिमीटरमध्ये मोजून लिहावी. डॉक्टर मंडळी १९८५ सालापासून वापरात असलेली हाउस-ब्रॅकमन यांची सहा पायऱ्यांची मोजणी लिहितात. तिच्यात पहिली पायरी म्हणजे पूर्ण बरा चेहरा आणि सहावी म्हणजे कसलीच हालचाल नाही. दीर्घकाळच्या पाठपुराव्यासाठी मात्र १९९६ ची सनीब्रूक मोजणी अधिक कामाची वाटते, कारण तिच्यात चेहऱ्याच्या हालचालीच्या गुणांमधून नको त्या जोडहालचालीचे, म्हणजे एक भाग हलवताना दुसरा भागही आपोआप हलतो त्याचे, गुण वजा केले जातात आणि "हलतो, पण चुकीचा हलतो" ही गोष्ट आकड्यात दिसते.

पहिले तीन आठवडे : काय वाचावे

पहिल्या आठवड्यात लकवा पूर्ण होता की अर्धवट, एवढ्यावरही बरेच सांगता येते. कोपनहेगनमध्ये २५ वर्षे उपचाराशिवाय पाहिलेल्या रुग्णांचा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. त्यातील १,७०१ बेल्स पाल्सीच्या रुग्णांपैकी ७१ टक्के पूर्ण बरे झाले. लकवा अर्धवट असणाऱ्यांत हे प्रमाण ९४ टक्के होते, पूर्ण लकवा असणाऱ्यांत ६१ टक्के. चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांपैकी ९० टक्के पूर्ण बरी झाली, तर साठीपुढच्यांत पूर्ण बरे होणारे निम्म्याहून कमी होते. त्याच अभ्यासात ८५ टक्के रुग्णांच्या चेहऱ्यावर तीन आठवड्यांच्या आत काही ना काही हालचाल परत आली होती आणि उरलेल्यांच्या बाबतीत तिला तीन ते पाच महिने लागले. दीर्घकाळचे दोष बहुतांशी या दुसऱ्या गटाच्या वाट्याला येतात.

म्हणून एकविसाव्या दिवसाचा व्हिडिओ सर्वांत महत्त्वाचा. त्यात ओठाचा कोपरा जरासा जरी हलला, तरी घरच्यांना धीर द्यायला हरकत नाही. त्यात काहीच हलत नसेल, तर "अजून वाट पाहू" एवढ्यावर न थांबता, जोडहालचाल आणि आकडलेला, म्हणजे आखडून ताठ झालेला, चेहरा यांचा धोका आहे असे धरून पुढची आखणी करावी. वय साठीपुढचे असणे, मधुमेह असणे, कानात फोड असणे, यांपैकी काही सोबत असेल तर तो धोका वाढतो. जिभेची चव जाणे किंवा आवाज मोठे ऐकू येणे यांवर मी फार भार टाकत नाही.

उपचार कधी सुरू झाला, हेही अंदाजात धरावे लागते. स्कॉटलंडमधील ५५१ रुग्णांच्या, २००७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत लक्षणे सुरू झाल्यापासून ७२ तासांच्या आत प्रेडनिसोलोन हे सूज उतरवणारे स्टेरॉइड दहा दिवस दिले गेले. नऊ महिन्यांनी ते घेतलेल्यांपैकी ९४.४ टक्के आणि न घेतलेल्यांपैकी ८१.६ टक्के पूर्ण बरे झाले होते. आपल्याकडे हे ७२ तास गळ्यात दोरा बांधण्यात, जायफळ उगाळून लावण्यात आणि उतारा टाकण्यात जातात. दोऱ्याला माझा विरोध नाही. तो बांधून त्याच दिवशी दवाखान्यात यावे. मधुमेह असणाऱ्यांची साखर या गोळ्यांनी वाढते, म्हणून ती रोज तपासत राहावे, पण त्या भीतीने स्वतःहून गोळ्या बंद करू नयेत.

नसेची विजेची तपासणी सगळ्यांना लागत नाही. लकवा अर्धवट असेल, तर तिच्यावर पैसे घालवू नयेत. लकवा पूर्ण असेल आणि मोठ्या शहरात सोय असेल, तर चौथ्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान इलेक्ट्रोन्यूरोग्राफी करता येते. मेलेला तंतूही पहिले तीन दिवस विजेला प्रतिसाद देत राहतो, म्हणून त्याआधीचा अहवाल खोटा दिलासा देतो. चांगल्या बाजूच्या तुलनेत प्रतिसाद ९० टक्क्यांहून अधिक घटला असेल, तर अपुऱ्या सुधारणेची शक्यता बळावते. तीन आठवड्यांनंतर सुईची ईएमजी तपासणी स्नायूची नस मेली आहे का आणि ती परत येऊ लागली आहे का, हे सांगू शकते.

तीन महिन्यांची भेट

ही भेट कोणत्याही कारणाने टाळू नये. बीड, धारूर, गेवराई या पट्ट्यातला रुग्ण दिवाळीच्या सुमारास लकवा घेऊन आला, तर तीन महिन्यांनी तो कोणत्या तरी कारखान्याच्या फडात कोयता घेऊन उभा असतो आणि पट्टा पडल्याशिवाय, म्हणजे ऊसतोडीचा हंगाम संपल्याशिवाय, परत येत नाही. अशा वेळी तारीख कागदावर लिहून देण्यापेक्षा मुकादमाचा किंवा मुलाचा फोन नंबर घेऊन व्हिडिओच मागवावा. निर्णय घेण्यापुरता तो पुरतो.

या व्हिडिओत तीनपैकी एक चित्र दिसते. चेहरा जवळजवळ सारखा असेल, तर विशेष काही करायचे नाही. काही हालचाल आली असेल, पण कमी असेल, तर पुढच्या तीन महिन्यांत जोडहालचाल दिसेल असे धरून चालावे. आणि स्नायू जराही हलत नसेल, आणि पाचवा महिना उलटूनही तसेच राहिले, तर तो बेल्स पाल्सी नव्हताच असे समजून दुसरे कारण शोधावे. बेल्स पाल्सीत तोपर्यंत थोडी तरी हालचाल येतेच. गाठ उशिरा सापडण्याचे कारण अनेकदा हेच असते, की पहिल्या दिवशी लिहिलेले निदान कोणी पुन्हा उघडून पाहिलेले नसते.

जोडहालचाल आणि आकडलेला चेहरा

पाचव्या महिन्यात एक बाई "आता बरं हाय" म्हणत आल्या. भुवई उचलली जात होती, डोळा मिटत होता, दात दिसत होते. कागदावर सगळे ठीक होते. त्यांच्या पिशवीत डबा होता, म्हणून मी त्यांना तिथेच जेवायला सांगितले. ज्वारीच्या भाकरीचा पहिला तुकडा चावताना डावा डोळा बारीक झाला, दुसऱ्याला अर्धा मिटला, आणि प्रत्येक चावण्याबरोबर तो उघडमीट करू लागला. पापणी लवली की हनुवटीवर खळगा पडत होता. मग त्यांनी सांगितले, की लग्नाच्या पंगतीत त्या आता पदर ओढून भिंतीकडे तोंड करून बसतात. लोकांना वाटते, डोळा मारते. हे त्यांनी कोणाला सांगितले नव्हते, कारण कोणी विचारले नव्हते. दोन घास खाऊ घालून व्हिडिओ काढायचा तो याचसाठी.

याची पहिली खूण तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात दिसते आणि ती फार बारीक असते. ओठ शीळ घालण्यासारखे केले की त्या बाजूचा डोळा किंचित लहान होतो, किंवा डोळा मिटला की ओठाचा कोपरा तसूभर सरकतो. म्हणून व्हिडिओ पाहताना जो भाग हलवायला सांगितला आहे तो सोडून, जो हलायला नको तो पाहावा. मानेची दोरी ताणल्यासारखी वाटणे, जेवताना एकाच डोळ्यातून पाणी येणे, चेहरा हलवला की कानात खडखडणे, ही सगळी त्याच चुकलेल्या तंतूंची रूपे आहेत.

आकडलेला चेहरा ओळखताना घरचे हमखास फसतात. सुरुवातीला लकव्याची बाजू ढिली असते. नंतर तीच बाजू आखडते, गालाची घडी खोल होते, डोळा लहान दिसतो, आणि शेजारी चांगली बाजू उतरल्यासारखी भासते. मग रुग्ण येऊन म्हणतो, की आता दुसऱ्या बाजूला वारं गेलं. जुना व्हिडिओ दाखवला की शंका एका मिनिटात फिटते.

येथे मला स्वतःची एक चूक सांगितली पाहिजे. व्यवसायाच्या पहिल्या काही वर्षांत मीही सगळ्यांना फुगे फुगवायला, च्युइंगगम चघळायला सांगत असे आणि वरून करंटच्या मशीनचा शेक देत असे. रुग्णालाही चेहरा उडताना पाहून पैसे वसूल झाल्यासारखे वाटे. करंटने सुधारणा होते याला भक्कम आधार नाही, आणि जोर लावून केलेल्या हालचालीत चेहऱ्याचे सगळे स्नायू एकदम ओढले जाऊन जोडहालचालीचीच सवय पक्की होते. धोका असलेल्या रुग्णाने आरशासमोर, अगदी हलक्या आणि लहान हालचाली, एका वेळी एक, डोळा मोठा उघडा ठेवून कराव्यात. गाल बाहेरून व आतून बोटांनी सैल करावा. आणि डोळा लहान होऊ लागला की तिथेच थांबावे. दिवसातून दोनदा दहा मिनिटे पुरतात. एवढे करूनही त्रास उरला, तर जास्त ओढणाऱ्या स्नायूंत बोटॉक्सची, म्हणजे स्नायू तात्पुरता ढिला करणाऱ्या औषधाची, सुई देता येते. तिचा परिणाम तीन-चार महिने टिकतो आणि त्या काळात हलक्या व्यायामाला बरी संधी मिळते.

डोळा

बाकी सगळे दोष महिन्यांनी येतात, डोळ्याचा काही दिवसांत येऊ शकतो. त्यामुळे त्याचा अंदाज वेगळा बांधावा. डोळे हलके मिटल्यावर बुबुळ वर पापणीखाली जाते की फटीतच दिसत राहते, हे पाहावे. ते वर जात असेल, तर थोडी फट असूनही बुबुळ झाकले जाते. ते वर जात नसेल, किंवा बुबुळाला स्पर्शच कळत नसेल, जसे कुष्ठरोगात किंवा कानाच्या आतल्या बाजूला, कवटीत वाढलेल्या मोठ्या गाठीत होते, तर फूल पडण्याचा धोका मोठा असतो, आणि अशा डोळ्यात दुखतही नसल्यामुळे रुग्ण उशिरा येतो.

दिवसा कृत्रिम अश्रूंचे थेंब दर एक-दोन तासांनी, झोपताना मलम, आणि वरची पापणी हाताने खाली ओढून, पूर्ण मिटली आहे ना हे पाहून, मग कागदी चिकटपट्टी. उघड्या डोळ्यावर नुसता कापूस ठेवू नये. तो बुबुळावर घासतो. सोयाबीनच्या मळणी यंत्राजवळ, कापूस वेचताना आणि एप्रिल-मेच्या झळांत मोटारसायकलवर बंद चष्मा लावावा. रुमाल बांधून भागत नाही. डोळा लाल झाला, उजेड सहन होईना किंवा धूसर दिसू लागले, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जावे. फट तीन महिन्यांनंतरही तशीच असेल, तर वरच्या पापणीत सोन्याचे वा प्लॅटिनमचे छोटे वजन बसवण्याचा किंवा पापण्यांची कड थोडी शिवण्याचा पर्याय विचारून घ्यावा.

शेवटची तारीख

नोंदवहीच्या मागच्या पानावर आणखी एक तारीख पहिल्या दिवशीच लिहून ठेवावी : लकव्यापासून बारा महिने. नस न मिळालेला स्नायू दीड-दोन वर्षांत विरून जातो आणि मग दुसऱ्या नसेची, म्हणजे चावण्याच्या किंवा जिभेच्या नसेची, जोडणी करूनही तो जागा होत नाही. म्हणून ज्याचा चेहरा बाराव्या महिन्यात पूर्ण निर्जीव आहे, त्याने शस्त्रक्रियेचा सल्ला त्याआधीच घेतलेला असावा. ज्याचा चेहरा हलतो पण चुकीचा हलतो, त्याला ही घाई नाही. त्याचे आरशासमोरचे काम पाच वर्षांनी सुरू केले तरी फरक पडतो. आणि जे पूर्ण बरे झाले, त्यांनीही वही फेकू नये. बेल्स पाल्सी सुमारे ७ टक्के लोकांत पुन्हा होते, आणि त्या वेळी ती कोणत्या बाजूला होती, हे घरात प्रत्येकजण वेगवेगळे सांगतो.